‘कारवाई केली’ म्हणजे नेमकं काय केलं? पालिकेची फाईल कशी मागायची

गोव्यातल्या आमच्या घराकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक गटार आहे. आहे म्हणजे नकाशात आहे. काही वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानाने त्यावर सिमेंटच्या लाद्या टाकल्या, लाद्यांवर पत्र्याची शेड आली आणि शेडमध्ये शीतपेयांचा फ्रीज. तेव्हापासून पहिला मोठा पाऊस झाला की पाणी आमच्या बाल्कांवाच्या (घरापुढच्या बसायच्या ओट्याच्या) दुसऱ्या पायरीपर्यंत चढतं. पालिकेत तीन लेखी तक्रारी दिल्या. तिसऱ्या खेपेला काउंटरवरची बाई म्हणाली, “कारवाय जाल्या.” कसली झाली ते तिला ठाऊक नव्हतं. फाईल बघू का? “सायबाच्या टेबलार आसा. फाल्यां येयात.” म्हणजे उद्या या.

मग मी माहिती हक्काखाली अर्ज केला, आणि तो चुकला. मी लिहिलं होतं: ‘माझ्या तक्रारीवर अद्याप कारवाई का झाली नाही? याला जबाबदार कोण?’ तिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं की विचारलेला प्रश्न ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. राग आला. पण कायदा उघडून बघितला तर त्यांचं बरोबर होतं आणि माझे दहा रुपये फुकट गेले होते.

माहिती अधिकार कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. (गोव्याने त्याआधीच, १९९७ मध्ये, स्वतःचा माहिती हक्काचा कायदा केला होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.) या कायद्यात ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे आधीपासून असलेलं साहित्य: नोंदी, टिपण्या, आदेश, पत्रं, अहवाल, नमुने, संगणकातला डेटा. अधिकाऱ्याने नव्याने विचार करून द्यायचं स्पष्टीकरण त्यात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं: ‘का’ या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे एखाद्या गोष्टीचं समर्थन, माहितीच्या व्याख्येत येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सांगितलं की कार्यालयाकडे जे आहे तेच मिळतं, नसलेली माहिती तयार करून देण्याची सक्ती त्यांच्यावर नाही.

तेव्हा प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा. ‘कारवाई का केली नाही’ ऐवजी ‘अमुक तक्रारीवर आजपर्यंत झालेल्या सर्व टिपण्यांच्या प्रती द्या’. दुसऱ्या अर्जात टिपणी आली तर ‘का’ तिथे लिहिलेलं असतं. आली नाही, तर टिपणीच झालेली नाही हे लेखी कळतं, आणि तेही कमी नाही.

तक्रारीमागे कोणते कागद तयार होतात

अंमलबजावणीचे कागद मागायचे तर ते कोणत्या क्रमाने जन्माला येतात ते माहीत हवं. विषय कुठलाही असो (परवान्याशिवाय बांधलेला मजला, रस्त्यात आलेलं पायरीचं बांधकाम, परवाना नसलेलं दुकान, उघड्यावर टाकलेला कचरा), फाईलचा प्रवास साधारण एकच असतो.

तक्रार आली की आवक नोंदवहीत तिला क्रमांक पडतो. आपल्या प्रतीवर शिक्का मारून घेताना हा क्रमांक दिसेल असा लिहून घ्यावा. पुढचं सगळं त्याला टांगलेलं असतं. मग मुख्याधिकारी त्यावर एक ओळ खरडून ती तांत्रिक विभागाकडे किंवा निरीक्षकाकडे पाठवतात. तिथून कनिष्ठ अभियंता किंवा निरीक्षक जागेवर जातो, आणि गेला असेल तर स्थळ पाहणीचा अहवाल तयार होतो: तारीख, मापं, कच्चा आराखडा, हल्ली मोबाइलवरचे फोटो. अहवालात उल्लंघन दिसलं तर नोटीस निघते, काम चालू असेल तर काम बंद करण्याची, नाहीतर कारणे दाखवा. पालिका क्षेत्रात बांधकामाच्या नोटिसा गोवा नगरपालिका कायदा १९६८ च्या कलम १८४ खाली निघतात, पंचायतीत गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खाली.

नोटीस निघाली म्हणजे पोचली असं नाही. पोचल्याची सही, पोस्टाची पावती किंवा दारावर चिकटवल्याचा पंचनामा हा वेगळा कागद आहे आणि तो वेगळा मागावा. पुष्कळ प्रकरणं इथेच बसलेली सापडतात: नोटीस छान टाईप केलेली, जावक क्रमांक पडलेला, आणि पोचल्याचा पुरावा नाही. न पोचलेल्या नोटिशीवर पुढचं पाऊल टाकता येत नाही हे कार्यालयातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

पुढे समोरच्याचं उत्तर, सुनावणीचा रोजनामा, अंतिम आदेश. मग आदेशावर अपील, आणि बहुतेक वेळा स्थगिती. ही स्थगिती म्हणजे गोव्यातल्या अनधिकृत बांधकामांचं मुख्य छप्पर आहे, असं मी तरी म्हणेन. ‘प्रकरण कोर्टात आहे’ एवढं सांगून तुम्हाला परत पाठवतात. तेव्हा स्थगितीच्या आदेशाची प्रत मागा, आणि ती उठवण्यासाठी पालिकेने किंवा पंचायतीने काही अर्ज केला असेल तर त्याचीही. स्थगिती कधी आणि किती काळासाठी दिली होती हे आदेशातच लिहिलेलं असतं. मुदत संपलेल्या स्थगितीच्या सावलीत वर्षानुवर्षं उभी असलेली शेड सापडली तर नवल वाटून घेऊ नका.

शेवटी प्रत्यक्ष पाडकाम: पथकाला दिलेला आदेश, पोलीस बंदोबस्तासाठीचं पत्र, त्या दिवसाचा पंचनामा. पंचायत असेल तर बैठकीचे ठरावही मागावेत, कारण तिथे निर्णय पंचमंडळाच्या बैठकीतून जातो आणि ‘विषय पुढच्या बैठकीत घ्यावा’ हा ठराव किती वेळा झाला हे मोजता येतं.

अर्ज

माझा दुसरा अर्ज असा होता. यात अक्कल माझी कमी आणि पणजीतल्या एका निवृत्त कारकुनाची जास्त आहे.

‘विषय: पी. टी. शीट क्रमांक अमुक, चलता क्रमांक तमुक येथील गटारावरील बांधकामाबाबत दिनांक अमुकची माझी तक्रार, आवक क्रमांक तमुक. (१) सदर तक्रारीवरील संपूर्ण टिपणी पृष्ठांच्या प्रती. (२) तक्रारीनंतर झालेल्या स्थळ पाहणीचे अहवाल, छायाचित्रांसह. (३) बजावलेल्या नोटिसा आणि त्या पोचल्याचा पुरावा. (४) नोटिशीला आलेली उत्तरे. (५) अंतिम आदेश झाला असल्यास त्याची प्रत. (६) वरीलपैकी कोणताही कागद अभिलेखात नसल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे. प्रती घेण्यापूर्वी मला फाईलची पाहणी करायची आहे. त्यासाठी तारीख आणि वेळ कळवावी.’

चलता क्रमांकाचं एवढं अवडंबर का? कारण ‘गांधी चौकाजवळचं दुकान’ असं लिहिलं की ‘माहिती संदिग्ध आहे’ हे उत्तर तयार असतं. शहरात, जिथे सिटी सर्व्हे झालाय, तिथे जागेची ओळख पी. टी. शीट आणि चलता क्रमांकाने होते; गावात सर्व्हे नंबर आणि उपविभागाने, तोच जो जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर असतो. क्रमांक सापडत नसेल तर घरपट्टीचा घर क्रमांक द्या. काळही नेमका लिहा, ‘१ जानेवारी २०२३ पासून आजपर्यंत’ असा. ‘आजवरची सगळी कारवाई’ मागितली तर ते गठ्ठ्याचा बाऊ करतात.

माहिती कशासाठी हवी हे सांगायचं नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ (२) प्रमाणे तुमचं नाव आणि संपर्काचा पत्ता पुरतो. काउंटरवर सहज गप्पांत विचारतात, “कित्याक जाय तुमकां?” हसून सोडून द्यावं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, तेही कायद्यातच आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याला नेहमी पडतो. कायदा म्हणतो: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करता येतो. म्हणून मराठीत अर्ज बेलाशक द्यावा. मात्र कार्यालयांतलं लिखाण बहुतेक इंग्रजीत चालतं, आणि कागद ज्या भाषेत आहे त्याच भाषेत मिळतो. म्हणून मी अर्ज मराठीत लिहितो आणि कागदांची नावं फाईलवर असतात तशी घालतो: शो कॉज नोटीस, साइट इन्स्पेक्शन रिपोर्ट, नोटिंग शीट. ‘स्थळ पाहणी’ म्हणजे काय हे न कळल्याचं सोंग मग कुणाला करता येत नाही.

कुणाकडे

गोव्यात पणजी महानगरपालिका एक, नगरपालिका १३ आणि ग्रामपंचायती १९१. प्रत्येक ठिकाणी जन माहिती अधिकारी असतो. पंचायतीत तो बहुधा सचिव आणि त्याच्यावरचा पहिला अपील अधिकारी गटविकास अधिकारी. पालिकांत ही पदं वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, त्यामुळे दारावरचा फलक वाचून नावानिशी नव्हे, पदानिशी अर्ज करावा. अधिकारी बदलतात.

सगळेच कागद पालिकेत नसतात. किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, डोंगर कापल्याचे किंवा शेत बुजवल्याचे नगर नियोजन खात्याकडे (कलम १७-ए त्यांच्या कायद्यातलं), बांधकामाच्या तांत्रिक परवानगीचे काही शहरांत नियोजन व विकास प्राधिकरणाकडे. चुकीच्या दारात गेलात तरी घाबरू नका: कलम ६ (३) प्रमाणे त्यांनी अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून अर्ज परत करणं हा त्यावरचा मार्ग नव्हे.

एक गोष्ट अर्जाशिवायही मिळायला हवी. कलम ४ (१) (बी) खाली प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात आणि त्यांत दिलेल्या परवान्यांचा तपशील येतो. म्हणजे कोणत्या दुकानाला व्यवसाय परवाना आहे हे मागावं लागता कामा नये. प्रत्यक्षात मागावं लागतं.

पाहणी

लोक हा टप्पा वगळतात, आणि माझ्या मते सगळा कस इथेच आहे. फाईल आधी डोळ्यांनी बघा, मग कोणत्या पानांच्या प्रती हव्यात ते ठरवा. पाहणीचा हक्क कलम २ (जे) मध्येच आहे. बघता येतं, टिपून घेता येतं, प्रमाणित प्रती मागता येतात.

मला बुधवारी साडेतीनची वेळ मिळाली. एका कोपऱ्यातलं टेबल, वर पंखा, आणि लाल फितीतली हिरवी फाईल. टिपणीची पानं डावीकडे, पत्रव्यवहार उजवीकडे. पत्रव्यवहाराच्या पानांना वरच्या कोपऱ्यात लाल शाईत क्रमांक होते: १, २, ३… ९, आणि मग १२. मी ते वहीत लिहिलं आणि समोरच्या माणसाला सांगितलं की पाहणीच्या नोंदीत ‘पान १० व ११ नाहीत’ असं लिहून सही करतोय. तो उठला, आत गेला, आणि दहा मिनिटांनी दोन पानं घेऊन आला. अभियंत्याच्या खणात होती म्हणे. पान १० म्हणजे दुकानदाराचं उत्तर: लाद्या पालिकेच्या परवानगीनेच टाकल्या आहेत, परवानगीचा क्रमांक अमुक. पान ११ वर टिपणी: ‘परवानगीची खातरजमा करावी.’ त्यानंतर चौदा महिने काही नाही.

म्हणजे कारवाई झाली होती. नोटीस गेली, पोचली, उत्तरही आलं. फक्त एक रजिस्टर उघडून एक क्रमांक पडताळायचं राहिलं होतं. हे ‘का’ विचारून मला जन्मात कळलं नसतं. मी ११ पानांच्या प्रती घेतल्या, पानाला दोन रुपयांप्रमाणे बावीस रुपये, आणि तिथल्या तिथे आणखी एक अर्ज दिला: त्या क्रमांकाच्या परवानगीची प्रत. उत्तर आलं, ‘सदर क्रमांकाची परवानगी अभिलेखात आढळत नाही.’

खणातल्या पानांवरून एक सांगायला हवं. माहिती अधिकाऱ्याला दुसऱ्या सहकाऱ्याची मदत मागता येते, आणि ज्याच्याकडे मदत मागितली तो त्या अर्जापुरता स्वतःच माहिती अधिकारी ठरतो. त्यामुळे ‘कागद अभियंत्याकडे आहेत’ ही सबब अभियंत्यावरच उलटते.

नकार आले तर

तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. प्रतींचे पैसे भरा असं पत्र पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून पत्र आलं की लगेच भरावे. मुदत उलटली तर प्रती फुकट द्याव्या लागतात. अर्जाची फी दहा रुपये. काउंटरवर रोख भरून पावती घेणं सगळ्यांत सोपं. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

नकाराची कारणं ठरलेली आहेत. ‘चौकशी चालू आहे’ हे कलम ८ (१) (एच). पण नुसती चौकशी चालू असणं पुरत नाही, माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच हे स्पष्ट केलंय. ‘फाईल सापडत नाही’ हे तर नकाराचं कारणच नव्हे, कायद्यात तसं कलमच नाही. २०१३ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्याच निकालाप्रमाणे कसून शोध घ्यावा लागतो आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागते.

‘तिसऱ्या पक्षाची माहिती’ म्हटलं म्हणजे नकार झाला, असं नाही. माहिती त्या पक्षाने गोपनीय म्हणून दिलेली असेल तर त्याला नोटीस पाठवून म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे, मग निर्णय घ्यायचा. मुदत तिसाऐवजी चाळीस दिवस होते. दुकानदाराला हरकत घेता येते, पण माहिती अडवण्याचा अंतिम हक्क त्याला नाही.

खरी नवी अडचण कलम ८ (१) (जे) ची आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा तिने खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होते, हे दाखवावं लागे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते कलम छाटलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या दोन शब्दांवर आलंय. नोटिशीवर माणसाचं नाव असतं, तेव्हा हे कलम पुढे येणार हे धरून चाला. दोन गोष्टी हातात उरतात. कलम ८ (२): सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते. कलम १०: नको तेवढा भाग काळा करून बाकीचा कागद द्यावा लागतो. म्हणून मी आता अर्जातच लिहितो, ‘फोन, आधार, घरचा पत्ता वगळून प्रत द्यावी.’ मला दुकानदाराचा फोन नकोच आहे, मला गटार हवंय.

नकार आला, अर्धवट माहिती आली किंवा काहीच आलं नाही, तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या किंवा वरच्या अधिकाऱ्याकडे. त्याने तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा. मग नव्वद दिवसांत दुसरं अपील, पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे. तिथे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते. आयोग दिवसाला अडीचशे रुपये, कमाल २५,००० रुपये दंड लावू शकतो, आणि तो दंड अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. काही जण घाईने अपिलाऐवजी कलम १८ खाली थेट तक्रार करतात. ती चूक टाळा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाप्रमाणे त्या तक्रारीत आयोग दंड लावू शकतो, पण कागद द्या असा आदेश काढू शकत नाही. कागद हवे असतील तर अपीलच.

कागद हातात आले म्हणून शेड पडत नाही, हेही सांगतो. माहिती अधिकारी तुम्हाला प्रत देतो, हातोडा नाही. ती पानं जोडून मुख्याधिकाऱ्यांना पुन्हा लिहावं लागतं, मग नगरपालिका प्रशासनाच्या संचालकांना, आणि फारच झालं तर खंडपीठात. फरक एवढाच की आता तुमच्या पत्रात तारखा आणि जावक क्रमांक असतात.

मी चौथ्या तक्रारीला ती अकरा पानं आणि ‘अभिलेखात आढळत नाही’चं पत्र जोडलं. मे महिन्यात एका सकाळी माणसं आली, चार लाद्या उचलल्या, गाळ काढला आणि लाद्या परत बसवून गेली. फ्रीज जागचा हलला नाही. लाद्या उचलण्याच्या आणि परत बसवण्याच्या कार्यादेशाची प्रत मिळावी म्हणून गेल्या सोमवारी मी दहा रुपये भरून आलो.